दाराबाहेरच्या चपला

मी रसायनशास्त्र शिकवतो. फळ्यासमोर उभा राहिलो की माझा आवाज माइकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत जातो, आणि लातूरला क्लासेसचं पीक आलं त्या दिवसांत शेवटचा बाक चांगलाच लांब असायचा. पोरं म्हणायची, सरांचा आवाज बाहेरच्या रसवंतीवरही ऐकू येतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात माझा आवाज कुठंच ऐकू येणार नाही.

आई सरकारी नर्स होती. औशाजवळच्या एका गावातल्या उपकेंद्रात तिची जवळजवळ सगळी नोकरी गेली. वडील हदगावकडचे, मी लहान असतानाच वारले. त्यांच्याकडून मला आडनाव मिळालं आणि आईकडून प्रभू येशू. आडनाव चारचौघांसारखं आहे. त्यावरून आम्ही ख्रिस्ती आहोत हे कुणाला कळत नाही, आणि या गोष्टीचा मी आयुष्यभर फायदा घेतला.

भूकंप झाला तेव्हा मी दहावीत होतो. आमच्या क्वार्टरवर पत्रे होते म्हणून आम्ही वाचलो. गावातली दगडमातीची घरं मात्र झोपलेल्या माणसांवर बसली. आई अनवाणी धावली ती दोन दिवस अनवाणीच होती. तिसऱ्या दिवशी मदतीच्या ढिगातून कुणीतरी तिला चपला आणून दिल्या. दोन्ही डाव्या पायाच्या निघाल्या. त्याच घालून तिनं आठवडाभर लोकांच्या जखमा बांधल्या, आणि पुढं कुणी भूकंपाचा विषय काढला की ती आधी त्या चपलांचं सांगून हसायची. बाकीचं सांगायची नाही.

क्वार्टरच्या भिंतींनाही तडे गेले होते, म्हणून मग आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. तिथं रविवारी सकाळी आई प्रार्थनेला बसायची. सुरुवातीला एकटीच. नंतर तिनं ज्यांना पट्ट्या बांधल्या होत्या त्यांच्यातली दोन-चार माणसं येऊन टेकू लागली. ती कुणाला बोलवायला गेली नाही आणि आलेल्याला ऊठ म्हणाली नाही. शेड एवढंसं, त्यामुळं चपला बाहेर. किती माणसं आली आहेत हे बघायला आत डोकवावं लागायचं नाही, चपला मोजल्या की झालं. शेवटचं गीत चालू असतानाच आई उठायची आणि बाहेर जाऊन चपलांच्या जोड्या लावायची. तोंडं रस्त्याकडं करून, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना उंबऱ्यावरून उतरताच पाय सारता यावेत. मला तेव्हा त्याची लाज वाटायची. नर्सबाई असून लोकांच्या चपला उचलते, असं वाटायचं. लाज वाटण्याच्या बाबतीत मी लहानपणापासूनच हुशार होतो.

पुढं मी शिकलो, लातुरात एका क्लासला लागलो, आणि बघता बघता लातूरचं रूपच पालटलं. बीडपासून, परभणीपासून पोरं यायला लागली. घरोघरी वरचा मजला चढला, खोलीखोलीत तीन-तीन खाटा पडल्या. पेपरात फोटो छापून आलेली पोरं पेढे घेऊन पाया पडायला यायची, आणि पाया पडून घ्यायची मला सवय झाली. क्लासमध्ये दसऱ्याला फळ्याची पूजा व्हायची. नारळ माझ्या हातात द्यायचे. मी फोडायचो. कुणी मला काही विचारलं नव्हतं, मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. चर्चला जायचो, पण मोटारसायकल दोन गल्ल्या अलीकडं लावून. आपण काही चोरी करत नाही, फक्त कशाला उगाच, असं मी स्वतःला सांगायचो. ‘कशाला उगाच’ हे दोन शब्द माझ्याइतके कुणी वापरले नसतील.

आई रिटायर झाली आणि माझ्याकडं राहायला आली. मी क्लासच्या भागातच तळमजल्यावर घर भाड्यानं घेतलं होतं. दार सरळ गल्लीत उघडायचं. पहिल्याच रविवारी आईनं बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली. दोन रविवार ती एकटी होती. तिसऱ्या रविवारी पोरांचे डबे करणारी एक मावशी आली. तिच्या मागून शेडच्या दिवसांतला एक गवंडी आणि त्याची बायको आली, आणखी दोन म्हाताऱ्या आल्या. एवढीच मंडळी. टाळ्या नाहीत, माइक नाही. एक गीत, थोडं वाचन, थोडी प्रार्थना, मग चहा. मी आतल्या खोलीत सोमवारच्या टेस्टचा पेपर काढत बसायचो. दार अर्धवट उघडं ठेवायचो, म्हणजे देवाला वाटावं मी आहे, आणि गल्लीला वाटावं मी नाही.

पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी गल्लीतले दोघं जण आले. त्यातल्या एकाची मुलगी माझ्याच वर्गात होती. त्यांनी चपला बाहेर काढल्या, खुर्च्यांवर बसले, चहा घेतला. मुलीच्या मार्कांची चौकशी झाली. मग दुसरा सहज म्हणाला, “सर, रविवारी तुमच्या दारात लई चपला दिसायल्यात.”

मी हसलो. हसण्यासारखं काहीच नव्हतं.

“न्हाई, आमचं काय म्हणणं न्हाई,” मुलीचा बाप म्हणाला. “तुम्ही देवमाणूस हाव सर. पर बाहेरगावची लेकरं येतेत इथं, त्यांचे मायबाप इश्वासानं ठेवतेत. उद्या कुणी उठून म्हणलं, सरांच्या घरी बाटवायलेत, तर क्लासचं नाव खराब व्हायचं. पोरंसोरं ऐकत न्हाईत आजकाल. दगड कुण्या बाजूनं येईल सांगता येत न्हाई. आमी आपलं काळजीपोटी सांगायलाव.”

जाताना दोघं आईच्या पाया पडले. तिनं दोघांच्याही डोक्यावर हात ठेवला आणि “देव बरं करो” म्हणाली. दार लावल्यावर माझ्याकडं वळून म्हणाली, “पोरीला रक्त कमी असंल. त्या दिवशी ताप आला म्हणून इंजेक्शन दिलं तिला, तवाच बघितली मी, पांढरी पडलीय. तिच्या बापाला सांगायचं राह्यलं.”

मला झोप आली नाही. मार खायची भीती होती असं म्हणायलाही मला जागा नाही. मला भीती होती पेढ्यांची, फोटोंची, पाया पडणाऱ्या पोरांची. ते सगळं जाईल, अशी.

पुढच्या रविवारी मंडळी आत बसली, गीत सुरू झालं, आणि मी पोतं घेऊन दारात गेलो. डबे करणाऱ्या मावशीच्या प्लास्टिकच्या चपला, गवंड्याच्या सिमेंट लागलेल्या, म्हाताऱ्यांच्या झिजलेल्या, सगळ्या पोत्यात भरल्या आणि पोतं आत आणून दाराआड ठेवलं. बाहेरची पायरी मोकळी झाली. मला एवढं बरं वाटलं की मी पेपर काढायला बसलो आणि एका बैठकीत संपवला.

गीत संपत आलं तशी आई नेहमीसारखी उठून बाहेर गेली. पायरी मोकळी बघून उभी राहिली. मग तिला दाराआडचं पोतं दिसलं. गुडघे दुखत होते तरी खाली बसली, पोत्यातून एकेक चप्पल काढली, जोड्या जुळवल्या. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडं केली आणि आत आली. त्या माणसांनी आपापल्या चपला घातल्या. गवंडी माझ्याकडं बघून ओशाळं हसला. त्याला कळलं होतं, आणि माझ्या वतीनं तोच ओशाळला होता.

दुपारी मी आईला समजावलं. मला समजावणं जमतं, माझा धंदाच तो. म्हणालो, देव मनातलं ओळखतो ना, मग चपला आत असल्या काय नि बाहेर असल्या काय. गीत नको, हळू वाचा. एकेकानं या, पाच पाच मिनिटांच्या अंतरानं.

“म्हंजी चोरासारखं,” आई म्हणाली.

“सावधपणानं.”

तिनं तांदूळ निवडत मान हलवली. “भूकंपात मी ज्याला त्याला हाक मारून विचारत होते, जिता हाइस का म्हणून. मोठ्यानं. येशूचं नाव घेऊन मोठ्यानं प्रार्थना केली मी तिथं, मुडद्यांच्या मधी. कुणी म्हणलं न्हाई गप बस. आता छपराखाली बसून हळू बोलू व्हय मी त्याच्याशी?”

“आई, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे.”

ती परत तांदूळ निवडू लागली. आईची हीच एक जागा मऊ होती, आणि मला ती बरोबर माहीत होती. चार रविवार तिनं माझं ऐकलं. चार रविवार चपला पोत्यात राहिल्या आणि आत सगळी कुजबुजत प्रार्थना करत राहिली. चौथ्या रविवारी, एरवी शेवटचं गीत व्हायचं त्या वेळी, आई उठायचीच विसरली. चपलांना हात लावायचं काही कारणच उरलं नव्हतं. ती भिंतीला टेकून बसून राहिली, आणि मला वाटलं, चला, बसली घडी.

पण कुणीतरी चपलांशिवायही माणसं मोजलीच होती. क्लासच्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, “मला तुमच्या देवाचं काय करायचंय? पण नांदेडची शाखा उघडतोय आपण, आणि ती तुमच्या हातात द्यायची असं माझ्या मनात आहे. अशा वेळी पालकांत कुजबूज नको. ते दोघं येऊन गेले माझ्याकडं. तुमचं तुम्ही मिटवा.”

मिटवायला ते दोघं रविवारीच आले, प्रार्थनेच्या वेळी. या खेपेला बरोबर आणखी तीन-चार जण होते, ते गल्लीतच गाड्यांवर बसून राहिले. मी घाईनं बाहेर आलो आणि दार पाठीमागं ओढून घेतलं.

“सर, आत काय चाललंय?”

“काही नाही,” मी म्हणालो. “आईच्या ओळखीची माणसं आहेत. भूकंपातली. भेटायला आलीत.”

“प्रार्थना न्हाई?”

“नाही हो. प्रार्थना-बिर्थना काही नाही. आम्ही त्यातले नाही.”

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. अनेक वर्षं मी ते स्वतःशीसुद्धा थोडं बदलून सांगायचो. म्हणायचो की मी फक्त ‘नाही’ म्हणालो. पण मी ‘आम्ही त्यातले नाही’ असंच म्हणालो होतो.

दार उघडलं. आई उंबऱ्यात उभी होती, पदर डोक्यावर. तिनं आतून सगळं ऐकलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, त्या दोघांकडं बघितलं.

“प्रार्थना हाय,” ती म्हणाली. “या की, बसा. चहा होऊ लागलाय.”

मुलीचा बाप गोंधळला. “आजी, सर तर न्हाई म्हणायलेत.”

“भ्यालाय तो. तुम्ही भिवविलंय त्याला.” आवाज चढला नाही की काही नाही; ताप किती आहे हे सांगावं तशी बोलली. “मी येशूची हाव. लहानपणापासून. तुमच्या पोरीला मी इंजेक्शन दिलं तवा बी त्याचंच नाव घेऊन दिलं. आता माझ्या खोलीत त्याचं नाव घ्यायचं न्हाई म्हणता, तर ते मला जमायचं न्हाई. दुसरं कायबी सांगा, ऐकते.”

गाड्यांवर बसलेल्यांपैकी एक जण उतरून पुढं आला आणि म्हणाला, “म्हातारे, हात मोडून ठेवू.” आईनं दोन्ही हात पुढं केले. नाटक म्हणून नव्हे. मला वाटतं, हात म्हटल्यावर तिनं नुसते बघायला पुढं केले असावेत. सुरकुतलेले, गाठी आलेले हात. मुलीच्या बापानं त्या माणसाला मागं ढकललं. मी काय केलं? मी म्हणालो, “थांबा, आपण बसून मिटवू.”

मिटवलं ते असं. कागदावर लिहिलं, की या घरात यापुढं कुठलीही प्रार्थना होणार नाही. खाली मी सही केली. अक्षर माझं चांगलं आहे, म्हणून मजकूरही मीच लिहिला. आई बघत होती. सही करताना माझा हात थरथरला असता तर निदान आज सांगायला बरं झालं असतं, पण तो थरथरला नाही.

त्या आठवड्यात आई औशाला गेली. भांडली नाही, रडली नाही. डब्यात माझ्यासाठी लाडू करून ठेवले. एवढंच म्हणाली, “तू सही केलीस, ती तुझी. ते घर तुझं हाय, तुझी सही मी मोडायची न्हाई. म्हणून जाते.” मी म्हणालो, रागावू नको. ती म्हणाली, “रागावले न्हाई रे. तुझ्यासाठी लाज वाटून राहिलीय मला, आन ती तुझ्याकडं देऊन जावं म्हणलं तर तू घेईना.”

मी नांदेडला गेलो. शाखा जोरात चालली. दारावर माझ्या नावाची पाटी लागली. आईला भेटायला मी मधल्या वारी जायचो, रविवारी कधी नाही. सांगायचो की रविवारी टेस्ट असते. टेस्ट मीच रविवारी लावली होती.

एका रविवारी मात्र गेलो. आईला दम लागायला लागला होता, डबे करणाऱ्या मावशीचा फोन आला होता. अर्धापूरची केळी घेतली आणि सकाळी लवकर निघालो. औशात आई एका म्हाताऱ्या मुसलमान शिंप्याच्या घरात पुढच्या खोलीत राहायची. शिंपी ओट्यावर मशीन घेऊन बसलेला असायचा. मी गल्लीत शिरलो आणि आधी चपलाच दिसल्या. ओट्याखाली उन्हात, चांगल्या पंधरा-वीस जोड्या. आतून गीताचा आवाज येत होता, पूर्ण आवाज, बेसूर, मनसोक्त.

“इथं कुणी त्रास देत नाही?” मी शिंप्याला विचारलं.

“देतेत की,” तो सुई ओवत म्हणाला. “दोनदा येऊन गेले. बाईला ठाण्यात बी बशिवलं दिवसभर. मला म्हणले, काढ तिला खोलीतून. मी म्हणलो, माझी जचकी तिच्या हातानं झाली न्हाई तेवढंच, बाकी माझ्या घरातली सगळी लेकरं तिच्या हातची. आता मी इथं बसतो अन चपला राखतो. माणसाची भीती न्हाई, कुत्रं पळवतंय.”

माझ्या आईला ठाण्यात दिवसभर बसवलं होतं आणि हे मला शिंप्याकडून कळत होतं. तिनं मला कळवलं नव्हतं. कळवून मी काय केलं असतं, हे तिला पुरतं ठाऊक असणार.

मी बूट काढले. काढले आणि हातात घेऊन आत गेलो, आणि दाराआड, भिंतीला लावून ठेवले. मी हे ठरवून केलं नाही, अगदी देवाशपथ नाही. इतक्या वर्षांत हाताला वळणच तसं पडलं होतं. मंडळी गात होती. डबे करणारी मावशी लातूरहून आली होती, गवंडी होता. आई खाटेवर उशीला टेकून बसली होती. तिनं मला पाहिलं, हसली, आणि मग तिची नजर दाराआडच्या बुटांवर गेली.

शेवटचं गीत सुरू होतं. आई खाटेवरून उतरली. मावशी धरायला धावली तर तिला हातानं थांबवलं. भिंतीला धरत धरत दारापर्यंत आली, वाकली, माझे बूट उचलले आणि दम खात बाहेर गेली. बाहेरच्या जोड्यांच्या शेवटी तिनं ते ठेवले, तोंडं रस्त्याकडं करून. परत येऊन माझ्या शेजारी खालीच बसली, कारण खाटेपर्यंत जायचं बळ उरलं नव्हतं. सगळ्यांनी डोळे मिटले, मीही मिटले.

आई प्रार्थना करू लागली. ठाण्यातल्या हवालदारासाठी केली, त्याचा मुलगा दहावीला होता म्हणे. लातूरच्या त्या मुलीसाठी केली, तिचं रक्त वाढावं म्हणून. मला वाटलं, आता माझी पाळी येईल. पण माझं मन तिथं नव्हतंच. ते बाहेर होतं, माझ्या बुटांपाशी. काळे, चकचकीत, त्या ओळीत न शोभणारे बूट. नांदेडचा एखादा पालक या गल्लीतून गेला तर? कुणी विचारलं तर, बूट कुणाचे?

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल येऊन थांबली.

मी डोळे उघडले. मी अर्धा उठलोही होतो, हात जमिनीला टेकून. आणि माझ्या गुडघ्यावर आईचा हात आला. तिचे डोळे मिटलेले होते, प्रार्थना अखंड चालू होती, शब्दसुद्धा अडखळला नव्हता. तो हात काही लांबून आला नव्हता, हे मला मग कळलं. ती खाली बसली तेव्हापासून तो तिथंच, माझ्या गुडघ्याजवळ, तयार ठेवलेला होता.

बाहेर दूधवाला होता. शिंप्यानं पातेलं पुढं केल्याचा आवाज आला. मी खाली बसलो, आणि सगळ्यांबरोबर आमेन म्हणालो. माझा आवाज शेजारच्या गवंड्यालाही ऐकू गेला नसेल.